समुद्र पाहून आलो
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. परंतु गेल्या माघ महिन्यात आपल्या मंडळाची सहल अक्षीच्या समुद्रकिनाऱ्याला गेली, तिची हकिकत सर्वांपुढे यावी असे कार्यकारी मंडळाने ठरवले. सहलीचा हिशेब माझ्याकडे होता, म्हणून हकिकतही माझ्याकडेच आली. हिशेब मी पूर्वीच दिला आहे. आता हकिकत देते.

सहलीला आम्ही २२ जणी होतो. त्यांपैकी १५ जणींनी त्या दिवसापर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. हे ऐकून पुण्यामुंबईच्या माणसाला नवल वाटेल, आपल्याला वाटणार नाही. मुंबई काही आपल्याला परकी नाही. आंबेगाव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांतून घरटी एक माणूस मुंबईला पोटासाठी गेलेला आहे. कुणी डबे पोचवतो, कुणी बाजारात पाठीवर पोती वाहतो, कुणी टेम्पो चालवतो. आपणही मुंबईला जातो. पण जातो ते कुणाच्या बाळंतपणाला, नाहीतर कुणाच्या दुखण्याला. गाडीतून उतरलो की खोली, आणि खोलीतून निघालो की गाडी. समुद्र दोन कोसांवर असतो, पण कुणी ‘चला, दाखवून आणतो’ म्हणत नाही, आणि आपण ‘दाखवा’ म्हणत नाही.

सहलीचा विषय निघाला तेव्हा मंडळात बरीच चर्चा झाली. काहीजणी म्हणाल्या, देवदर्शन असेल तर घरी सांगता येते. नुसते पाणी पाहायला जायचे म्हटले तर सासूबाई काय म्हणतील? घरचे काय म्हणतील, गुरांचे कोण पाहील, मुलांच्या परीक्षा, कांद्याची काढणी, असे सगळे प्रश्न निघाले. तेव्हा आपल्या मंडळातल्या सर्वांत वडील मावशी उठल्या. त्यांचे वय ७६. त्या म्हणाल्या, “माझ्या सासूबाई आता नाहीत. मला कुणाला विचारायचे नाही. मी चालले. ज्यांना यायचे असेल त्यांनी माझ्या सोबतीला म्हणून यावे.” म्हाताऱ्या बाईला सोबत करायची म्हटल्यावर कुणाच्या घरच्यांना नाही म्हणता येईना. अशा रीतीने २१ जणी एकीच्या सोबतीला निघालो.

अक्षीच का, हेही सांगते. आपल्या एका भगिनीची लेक अलिबाग तालुक्यात दिली आहे. ती म्हणाली, अलिबागच्या किनाऱ्यावर फार गर्दी असते. मुंबईहून लाँचने आणि गाड्यांनी शनिवार-रविवारी माणसांचा लोंढा येतो. पण अलिबागच्या दक्षिणेला, खाडी ओलांडली की अक्षी आहे. तिथे फारसे काही नाही. आम्ही विचारले, काही नाही म्हणजे काय? ती म्हणाली, “घोडागाड्यांची रांग नाही, कर्णे नाहीत, पाण्यात धावणाऱ्या मोटारी नाहीत. वाळू आहे, सुरूचे बन आहे आणि समुद्र आहे.” आम्ही म्हटले, मग तेच पाहिजे.

जाण्यासाठी खासगी गाडी ठरवण्याचा विचार होता. पण एस. टी. ने १७ मार्च २०२३ पासून बायकांना राज्यात अर्धे तिकीट केले आहे, आणि त्याआधी २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ वर्षांवरील माणसांना प्रवास मोफत आहे. मावशींचे तिकीट शून्य, आमचे अर्धे. मग खासगी गाडी कशाला? शनिवारी पहाटे घोडेगावहून मंचर, मंचरहून पुणे, आणि पुण्याहून अलिबागची गाडी. नेहमीच्या गाडीत २२ जणींना एकत्र जागा मिळाली नाही, पुढे-मागे बसलो, थोडा वेळ उभ्याही राहिलो. पण भगिनींनो, स्वतःच्या पैशाने स्वतःचे तिकीट काढून, कुणाचेही काम नसताना प्रवास करण्याची गोडी काही निराळीच असते. ज्यांनी चाखली नाही त्यांनी एकदा चाखावी.

खंडाळ्याचा घाट उतरताना हवा बदलली. वर अंगावर शाली होत्या, खोपोलीला त्या घड्या होऊन पिशवीत गेल्या. पेण, वडखळ मागे टाकले आणि धरमतरच्या खाडीचा पूल लागला, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडले, “आला समुद्र!” वाहक हसून म्हणाले, “बाई, ही नुसती खाडी. समुद्र अजून पुढे आहे.” पुढे रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसल्या. अलिबागच्या या कांद्याला आता सरकारी मानांकन मिळाले आहे. आपण कांद्याच्या मुलखातल्या बायका. समुद्र राहिला बाजूला आणि गाडीत कांद्याचीच चर्चा सुरू झाली. आपण कांदा पोत्यात भरतो आणि अडत्याच्या दारात उभ्या राहतो. इथल्या बायका त्याची पातीसकट वेणी घालतात आणि दारात बसून आपल्या भावाने विकतात. हे मनात ठेवण्यासारखे आहे.

अक्षीला एका बाईंनी आपल्या घरी आमची राहण्या-जेवण्याची सोय केली होती. त्यांना आम्ही सगळ्या ताई म्हणू लागलो. पिशव्या ठेवल्या, पाय धुतले आणि सुरूच्या बनातून किनाऱ्यावर निघालो. सुरूच्या झाडांत वारा शिरला की असा आवाज होतो की, लांबून पाऊस येतो आहे असे वाटते. आमच्यातल्या दोघीतिघींनी तर डोक्यावर पदर घेतला! झाडे संपली आणि समोर एकदम सगळे उघडे झाले.

आता समुद्र कसा दिसला हे सांगायला हवे, आणि इथेच माझी सातवी अपुरी पडते. मी काय पाहिले यापेक्षा कोण काय बोलले तेच सांगते. एक म्हणाली, “याला पलीकडचा काठच नाही ग!” दुसरी म्हणाली, “एवढे पाणी, आणि शेताला एक ओंजळ कामाची नाही.” तिसरी काहीच बोलली नाही, चपला काढून हातात घेतल्या आणि चालू लागली. सूर्य खाली आला होता. पाणी ओसरत होते, त्यामुळे ओली वाळू आरशासारखी चमकत होती आणि आमच्या २२ जणींच्या सावल्या मागे झाडांपर्यंत गेल्या होत्या.

किनाऱ्यावर त्या वेळी माणसे फार थोडी होती. दोन कोळी बाप-लेक जाळे सारखे करीत होते, पोरे क्रिकेट खेळत होती, एक आजोबा काठी टेकत फिरत होते. आमच्याकडे वळून कुणी पाहिले नाही. ही गोष्ट लहान वाटेल, पण आपल्याला तिचे मोल ठाऊक आहे. बायका नदीवर जातात त्या धुणे घेऊन, रानात जातात त्या विळा घेऊन. हातात काही नसताना उघड्या जागी नुसते उभे राहायचे, आणि ‘काय करताय इथे?’ असे कुणी विचारायचे नाही, हे आमच्यातल्या पुष्कळजणींच्या आयुष्यात पहिल्यांदा घडले.

रात्री जेवताना एक गंमत झाली. आम्ही घरून मासवड्या करून नेल्या होत्या. ताईंना सांगितले, आमच्याकडच्या मासवड्या आहेत, घ्या. त्यांनी विचारले, “कुठला मासा घातलाय?” आम्ही म्हटले, मासा नाही, बेसन, आत तीळ, खोबरे आणि कांदा. त्या म्हणाल्या, “समुद्र नाही म्हणून तुम्ही बेसनाचा मासा करता होय!” सगळ्याजणी पोट धरून हसलो. त्यांनी वालाचे बिरडे आणि तांदळाची भाकरी केली होती, खाणाऱ्यांना माशाचे कालवणही होते. ज्यांच्या गळ्यात माळ आहे त्यांची पंगत त्यांनी आपण होऊन वेगळी मांडली, ही त्यांची समज.

दुसऱ्या दिवशी रविवार, माघ वद्य तृतीया. सकाळी आठाच्या सुमारास गेलो तो समुद्र पार लांब गेलेला. ताई म्हणाल्या, आता ओहोटी पुरी झाली, दुपारी सव्वादोनला भरती पुरी होईल. घड्याळ न पाहता इतके नेमके कसे सांगता, असे मी विचारले. त्यांनी रीत सांगितली, ती सर्वांनी लिहून घेण्यासारखी आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची, मग शुद्ध असो की वद्य. तिला तिनाने गुणायचे आणि चाराने भागायचे. येईल तितक्या वाजता, थोडे मागे-पुढे, पूर्ण भरती. तृतीया म्हणजे तीन त्रिक नऊ, भागिले चार, सव्वादोन. एकादशीला सव्वाआठ. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि असे दिवसातून दोन वेळा. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तितकाच उशिरा उगवतो. आपण तिथीवर उपास धरतो, कोकणातली माणसे तिथीवर होडी लोटतात.

ओहोटीच्या वाळूवर बारीक खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची नक्षी काढली होती. मधे एक भोक आणि चोहोबाजूंनी ठिपक्यांच्या ओळी. संक्रांतीच्या रांगोळीचा एखादा नमुनाच. उत्तरेकडून हिवाळ्यात येणारे पांढरे समुद्रपक्षी पाण्याच्या कडेला रांगेने बसले होते. आम्ही जवळ गेलो की सगळे एकदम उठत आणि जरा पुढे जाऊन पुन्हा रांगेने बसत.

मावशी मात्र सुरूच्या सावलीत बसून होत्या. पाण्याजवळ यायला तयार होईनात. तुम्हाला माहीत आहे, त्यांचे माहेर जुने आंबेगाव. ज्या गावाच्या नावाने आपला तालुका आहे, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या जलाशयाला आपल्याच तालुक्यातल्या हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे, त्याचा आपल्याला अभिमान आहे; त्या पाण्यावर खालच्या गावांचे मळे पिकतात, हेही खरे आहे. परंतु ज्यांचे अंगण त्याखाली गेले त्यांना पाणी पाहिले की काय वाटते, ते आपण कधी विचारले नाही. उन्हाळ्यात धरण उतरले की जुने चौथरे वर दिसतात, आणि पावसाळा आला की पुन्हा जातात. मावशी म्हणाल्या, “आमचे पाणी वर्षातून एकदा चौथरा दाखवते. हे दिवसातून दोनदा येते आणि दोनदा जाते. घेते आणि परत देते. असे पाणी मी पाहिले नव्हते.” दहा वाजता त्या आपण होऊन उठल्या, माझा हात धरला आणि घोट्याएवढ्या पाण्यात येऊन उभ्या राहिल्या. पायाखालची वाळू सरकली तेव्हा माझा हात घट्ट आवळला, पण मागे फिरल्या नाहीत. बराच वेळ उभ्या होत्या. मी काही बोलले नाही.

भगिनींनो, समुद्र आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही. माझे माहेर घाटघरच्या बाजूला, नाणेघाटाच्या वाटेवर. लहानपणी ऐकायचो की, कोकणातले मीठ डोक्यावरून आणि बैलांवरून याच घाटाने वर येई. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण आणि सोपारा या बंदरांतून निघालेला माल नाणेघाट चढून जुन्नरला आणि तिथून पैठणला जात असे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकीत असे सांगतात. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही तिथे कोरलेले होते. पुतळे गेले, पाय तेवढे उरले आहेत. पण राणीचा लेख आहे.

आणि अक्षीलाही एक शिळा आहे. ती शिलाहार राजा केशिदेवाच्या काळातली, शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ ची, असे जाणकार वाचतात, आणि मराठीच्या अगदी जुन्या शिलालेखांत तिची गणना होते. तिच्यात राजाला पश्चिम समुद्राचा धनी म्हटले आहे आणि महालक्ष्मीच्या बोडणासाठी धान्य लावून दिल्याचा उल्लेख आहे. बोडण म्हटल्याबरोबर आमच्यातल्या ज्यांच्या घरी ते भरतात त्यांचे कान टवकारले. हजार वर्षे झाली, राजा गेला, पण बोडण अजून बायकांच्या हातात आहे! शिळेवर सूर्य-चंद्र आहेत, म्हणजे ते असेपर्यंत हे दान चालावे. खाली दान मोडणाऱ्याला शाप देणारे गाढवाचे चित्र आहे. ते सभेत वर्णन करण्यासारखे नाही, पण त्याचा अर्थ असा की, जे सर्वांसाठी दिले ते एकट्याने गिळू नये.

त्या शिळेपुढे उभी असताना माझ्या मनात किनाऱ्याचा विचार आला. हा किनारा कुणाचा? आपल्या चिटणीसबाईंचे चिरंजीव वकिली शिकतात, त्यांना मी परत आल्यावर विचारले. त्यांनी पुस्तक काढून दाखवले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, तिच्या २० व्या कलमाप्रमाणे भरतीच्या रेषेखालची समुद्राची जमीन सरकारची, म्हणजे तुमची-आमची. १९८१ मध्ये इंदिरा गांधी यांनी किनाऱ्यावरच्या राज्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामे होऊ देऊ नयेत असे कळवले होते, आणि १९९१ मध्ये त्याबाबतचे नियम झाले. पुढे २०११ मध्ये आणि २०१९ मध्ये ते बदलले, आणि काही ठिकाणी मोकळी ठेवायची पट्टी पुष्कळ अरुंद झाली. जमीन कागदोपत्री सर्वांची असली, तरी तिथे जाण्याची पायवाट बंद झाली तर ती सर्वांची राहत नाही. आपल्या पाणवठ्यांच्या वाटांचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे.

शांत जागा आपोआप शांत राहत नाही, कुणीतरी ती राखावी लागते. याची दोन उदाहरणे सांगते. अलिबागला पृथ्वीचे चुंबकत्व मोजणारी वेधशाळा आहे. ती पूर्वी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार, त्यांनी मोजणी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला आणली. आणि दुसरे उदाहरण आपल्या दाराशी आहे. नारायणगावजवळ खोडदला ज्या प्रचंड तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर रुंद आणि एकूण ३०, त्या आकाशातून येणारे बारीक रेडिओसंदेश ऐकतात. त्यासाठी आपला भाग निवडला, त्याचे एक कारण असे की, मोठ्या शहराचा गोंगाट इथे कमी होता. शास्त्रज्ञांना ऐकण्यासाठी शांत जागा लागते, तर मग रोज पहाटे पाचाला उठून रात्री अकराला आडवे होणाऱ्या बाईला ती लागणार नाही काय?

पण सगळे गोडच सांगितले तर हकिकत पुरी होणार नाही. किनाऱ्यावर काही नाही, यात बायकांची सोयही नाही. कपडे बदलायला आडोसा नाही. ताईंचे घर जवळ होते म्हणून आमचे निभावले. दिवसापुरत्या येणाऱ्या बाईने काय करावे? पुरुषमाणसे म्हणतात, जागा अशीच राहू द्या, काही बांधू नका. त्यांना म्हणायला काय जाते! पण दुसऱ्या बाजूला, सोयीच्या नावाखाली एकदा टपऱ्या आल्या की कर्णे येतात, कर्ण्यांमागून बाटल्या येतात, आणि मग बायका येईनाशा होतात. माझे म्हणणे असे आहे की, सोय हवी, बाजार नको. स्वच्छ संडास, पाण्याचा नळ आणि कपडे बदलण्याची एक खोली, गावातल्या बायकांच्या हाती चालवायला द्यावी आणि झाडांच्या अलीकडे असावी. एवढ्याने समुद्राचे काही बिघडणार नाही.

दुसरी गोष्ट जिवाची. शांत किनाऱ्यावर बुडणाऱ्याला धावून येणारे कुणी नसते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. ते आठवून ताईंनी आम्हाला आधीच बजावले होते: पाणी ओसरत असताना आत शिरायचे नाही, ते ओढते; गुडघ्यापुढे जायचे नाही; एकमेकींचे हात धरून उभे राहायचे; पावसाळ्यात पाण्याला पायही लावायचा नाही. आमच्यातल्या दोघी तरुण सुना हसत हसत जरा पुढे गेल्या, तशी ताईंनी काठावरून अशी हाक मारली की, त्या दचकून परत आल्या. ती हाक मला आवडली. अनोळखी बाईच्या लेकीसुनांना आपल्या समजून मारलेली हाक होती ती.

ताईंकडून आणखी एक कळले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले तेव्हा या भागातले सुरू, नारळ, सुपारी मुळासकट आडवे झाले. त्या सांगू लागल्या आणि आम्ही एकमेकींकडे पाहिले. तेच वादळ त्याच दिवशी घाट चढून आपल्याकडे आले होते. आपले पत्रे उडाले, जुन्नर-आंबेगावात शेडनेट आणि पॉलिहाऊस फाटली, ते आपण विसरलेलो नाही. आधी त्यांच्या दारात आणि मागाहून आपल्या दारात. आणि वादळच कशाला? ज्या ढगांची आपण ज्येष्ठात वाट पाहतो ते याच समुद्रावरून येतात. भीमाशंकरावर, माळशेजवर पडलेले ते पाणी घोड, कुकडी आणि भीमा यांतून कृष्णेला मिळते आणि पूर्वेच्या समुद्राला जाते. एका समुद्राने दिले ते दुसऱ्याकडे पोचवायचे, मधल्या वाटेवर आपले घर.

सुरूच्या बनात वाळलेल्या काड्यांबरोबर बाटल्या आणि पिशव्याही पुष्कळ होत्या. गावातल्या बायका अधूनमधून वेचतात, पण येणारे पुन्हा टाकून जातात. निघण्यापूर्वी आम्ही तासभर कचरा वेचला. दोन पोती भरली. वेचताना मला आपल्या नाणेघाटाची आठवण झाली. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे काय चालते ते पाहिले आहे ना? जिथे राणीचा लेख आहे तिथे बाटल्या फोडलेल्या असतात, आणि जुन्नरच्या लेकी आपल्याच घाटावर रविवारी जायला भितात. दुसऱ्याचा किनारा स्वच्छ असावा असे आपल्याला वाटते, तर आपल्या घाटाचे काय?

निघताना ताईंना विचारले, तुम्ही आमच्याकडे कधी येणार? त्या म्हणाल्या, “जन्मात घाट चढून वर आले नाही. शिवनेरी नुसती पुस्तकात पाहिली.” अलिबागच्या पाण्यातला कुलाबा किल्ला शिवरायांनी अखेरच्या काळात बांधायला घेतला. तो रोज पाहणाऱ्या बाईने शिवरायांचा जन्म झाला ती जागा पाहिली नाही, आणि त्या जागेच्या सावलीत वाढलेल्या आम्ही त्यांचा समुद्र पाहिला नव्हता. मधे अंतर किती, तर एका दिवसाच्या एस. टी. चे, आणि तेही अर्ध्या तिकिटाचे.

म्हणून मी सभेपुढे तीन सूचना मांडते, त्यांवर विचार व्हावा.

पहिली सूचना अशी की, दरवर्षी मंडळाने अशी एक सहल न्यावी, आणि ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांचा क्रम आधी लावावा. भिशीतून महिन्याला थोडे बाजूला टाकले तर कुणावर भार पडणार नाही.

दुसरी, येत्या दिवाळीनंतर अक्षीच्या ताईंना आणि त्यांच्या शेजारणींना आपण बोलावून घ्यावे. राहण्याची सोय आपापल्या घरी करू. शिवनेरी दाखवू, नाणेघाट दाखवू, आणि बेसनाचा मासा पोटभर वाढू.

तिसरी, त्या येण्याआधी जुन्नरच्या भगिनींना बरोबर घेऊन नाणेघाटावर एक दिवस सफाई करावी, आणि तिथे बायकांसाठी संडास व पावसाळ्यातल्या रविवारी बंदोबस्त असावा असा अर्ज सर्वांच्या सह्यांनी द्यावा. अर्ज मी लिहून आणला आहे. सभा संपल्यावर टेबलावर ठेवते. पहिली सही मावशींची झालेली आहे.

बाहेर चहा तयार आहे. पण आधी सही, मग चहा.